एलीयाची झोप

शास्त्रपाठ : १ राजे १९:१–२१



अलीकडे कोणत्याही गावी मंडळीच्या भेटीस जावे, तर "टेन्शन" हा शब्द कानी पडल्यावाचून राहत नाही. ज्यांस इंग्रजीचे एक अक्षर येत नाही अशा वृद्ध बायाही हा शब्द सहज उच्चारितात. आमच्या आज्या ह्यालाच घोर म्हणत, विवंचना म्हणत, जिवाची तगमग म्हणत. शब्द नवा असला तरी दुखणे जुने आहे. कांद्याचा भाव पडला, विहिरीचे पाणी आटले, सोसायटीचा हप्ता थकला, मुलीचे लग्न जमेना, मुलगा चाकणास कारखान्यात लागला तो दोन दोन महिने फोन करीत नाही, सासूसुनेचे पटत नाही. आणि यांत भर म्हणजे शेजाऱ्याचे मात्र सारे सुरळीत चाललेले दिसते. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती माणसास सोसते. काटकी उचलावयास कोणासच जड जात नाही. मोळी झाली म्हणजे मान मोडते.

अशा माणसास आम्ही उपदेशक मंडळी बहुधा एकच औषध देतो : विश्वास ठेवा, प्रार्थना करा, काळजी सोडा. हे औषध खोटे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु उपाशी रोग्यास जालीम औषध पाजिले तर ते त्याच्या पोटात ठरत नाही, हे प्रत्येक वैद्यास ठाऊक असते. देव स्वतः थकलेल्या माणसास हे औषध केव्हा देतो व त्याच्या आधी काय देतो, हे एलीया संदेष्ट्याच्या चरित्रात स्पष्ट दाखविले आहे. म्हणून आज आपण कर्मेल पर्वतावरील पराक्रमी एलीया न पाहता, त्यानंतरच्या दिवसांतील एलीया पाहू.

कर्मेलावर तो एकटा एका बाजूस व बालाचे ४५० संदेष्टे दुसऱ्या बाजूस, असा सामना झाला होता. सकाळपासून सायंकाळपर्यंत तो पायांवर उभा होता. स्वर्गातून अग्नी उतरला, लोक पालथे पडले, कित्येक वर्षांचा दुष्काळ फिटून पाऊस आला. आणि त्या भर पावसात एलीया अहाब राजाच्या रथापुढे यिज्रेलापर्यंत धावत गेला. नकाशा घेऊन मोजाल तर हे अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. तेथे पोहोचतो तोच ईजबेल राणीचा निरोप आला की, उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेईन. तो उठून पळाला, तो थेट देशाच्या दक्षिण टोकाशी बैर-शेबा येथे. हे आणखी सुमारे १५० किलोमीटर. तेथे त्याने आपल्या चाकरास मागे ठेविले व एकटाच एक दिवसाची वाट रानात गेला. मग एका झुडुपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले आणि तेथेच तो निजला.

या ठिकाणी वाचकाने थोडे थांबावे. पुष्कळ टीकाकार येथे एलीयास दोष देतात. काल साडेचारशेंस न भ्यालेला पुरुष आज एका बाईच्या निरोपास भ्याला, असे म्हणून त्याच्या विश्वासाची उणीव दाखवितात. आम्हांस हे म्हणणे फार उथळ वाटते. ज्याने नांगर धरिला आहे किंवा ज्या बाईने घरचे लग्न पार पाडिले आहे, तिला विचारा. कार्य चालू असते तोवर अंगात कोठून बळ येते हे कळत नाही. मांडव उतरला की दुसऱ्या दिवशी ती रडू लागते व कां रडते हे तिचे तिलाही सांगता येत नाही. एलीया भित्रा नव्हता. तो थकला होता, उपाशी होता आणि एकटा होता.

आता देव काय करितो ते पाहा. तो रागावत नाही. मरण कां मागितलेस म्हणून दटावीत नाही. कर्मेलावर काय पाहिलेस याची आठवणही देत नाही. दूत येतो, त्यास हाताने स्पर्श करितो आणि उठून खावयास सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचा कुंजा ठेविलेला आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा निजतो! आमच्यापैकी कोणी असते तर म्हणालो असतो, "अरे, देवदूत समोर उभा आणि तू निजतोस?" दूत तसे काही म्हणत नाही. तो त्यास निजू देतो. पुन्हा एकदा येतो, पुन्हा स्पर्श करितो, पुन्हा जेवू घालितो; आणि या वेळी मात्र कारण सांगतो : पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. देव त्याचा थकवा कबूल करितो. तुला काय झाले आहे धडधाकट माणसाला, असे तो म्हणत नाही.

मोजून पाहा. एलीयाशी देवाचे पहिले संभाषण होरेब पर्वतावर झाले. त्यापूर्वी दोन झोपा, दोन जेवणे व चाळीस दिवसांची पायी वाट एवढे सारे झाले होते. प्रश्न मागाहून आला, भाकर आधी आली. थकलेल्या माणसापुढे शास्त्र उघडण्यापूर्वी त्याच्या पोटात अन्न व डोळ्यांत झोप आहे की नाही हे पाहणे ही काही अविश्वासाची गोष्ट नव्हे. ती देवाचीच रीत आहे. स्तोत्र १०३ लिहिणाऱ्या कवीस देवाचा मोठा आधार कोणता वाटला? हाच की आपण मातीचे घडलो आहो हे देव विसरत नाही. खेदाची गोष्ट एवढीच की आपण स्वतः ते विसरतो.

ही मातीची घडण कशी चालते याविषयी आज डॉक्टरांस बरेच कळले आहे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. बांधावर चालताना पायाशी साप दिसला तर काय होते? छातीत धडधडते, श्वास आखूड होतो, खांदे ताठतात, तोंड कोरडे पडते. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्या अशा वेळी रक्तात एक रस सोडितात आणि सारे शरीर पळावयास किंवा लढावयास सज्ज होते. ही देवाने दिलेली ढालच आहे. साप निघून गेला म्हणजे थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. परंतु कर्ज हा काही निघून जाणारा साप नव्हे. तो रोज रात्री उशाशी येऊन बसतो. आणि शरीराला साप व सावकार यांतला भेद कळत नाही. ते रात्रंदिवस सज्जच राहते. १९३६ साली माँट्रियल येथील हान्स सेली नामक वैद्यकशास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, इजा कोणत्याही प्रकारची असो, शरीर तिला एकाच ठराविक रीतीने तोंड देते : वर सांगितलेल्या ग्रंथी सुजतात व जठरात व्रण पडतात. म्हणून ज्याच्या डोक्याला घोर आहे त्याचे पोट जळते, त्याची झोप उडते, कपाळ दुखते, रक्तदाब वाढतो आणि घरात भांड्यांची आदळआपट होते. त्यास वाटते बायको वाईट आहे. पुष्कळदा ती वाईट नसते. तो निजलेला नसतो.

आपल्या गावांत विसावा म्हणून जे घेतात त्याचाही विचार केला पाहिजे. सकाळी उठल्याबरोबर बाई मिश्री लावून दारात दहा मिनिटे बसते. तिला विचारिले तर ती म्हणेल, तेवढाच जिवाला आराम. आम्हांस वाटते की आराम त्या दहा मिनिटांच्या बसण्यात आहे, मिश्रीत नाही. तंबाखूने नाडी मंद होत नाही, उलट जोरात चालते. तिच्या सवयीने जी तलफ उत्पन्न होते ती भागली म्हणजे माणसास शांत वाटते एवढेच. स्वतःच काटा रुतवावयाचा व मग काढल्याचे समाधान मानावयाचे, असा हा प्रकार आहे. दारूचेही तेच. ती लवकर निजविते हे खरे, परंतु मध्यरात्रीनंतरची झोप मोडते, आणि सकाळी कर्ज होते तेवढे राहून खिशातले पैसे मात्र कमी झालेले असतात. आता तिसरी वस्तू घरोघरी आली आहे, ती म्हणजे मोबाईल. दिवसभर राबलेला तरुण अंथरुणावर पडून मध्यरात्रीपर्यंत परक्यांची भांडणे व परक्यांच्या मोटारी पाहतो आणि त्यास करमणूक म्हणतो. डोळे मिटतात तेव्हा मन पूर्वीपेक्षा अधिक ओढलेले असते. मिश्री लावणाऱ्या मावशीने मिश्री टाकून ती दहा मिनिटे तशीच बसावे. तरुणाने निजण्यापूर्वी तासभर ते यंत्र दुसऱ्या खोलीत, आणि एकच खोली असेल तर फळीवर, ठेवावे. यास खर्च काही नाही.

परंतु विसावा ही केवळ एकट्याने करावयाची गोष्ट आहे काय? येथे आम्हांस शब्बाथाच्या आज्ञेकडे वळले पाहिजे, कारण ती आपण फार अपुरी वाचतो. निर्गम २३:१२ मध्ये सातव्या दिवशी काम थांबवावयाचे ते कोणाकरिता, हे सांगितले आहे. बैल व गाढव यांस विश्रांती मिळावी आणि दासीच्या मुलास व परक्यास विसावा मिळावा म्हणून. या विसाव्याकरिता मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आहे, ते श्वास या अर्थाच्या शब्दापासून निघाले आहे. आपला शेतकरी उभ्या नांगराशी थांबून म्हणतो, "बैलांना जरा दम खाऊ दे." नेमका तोच अर्थ. हे क्रियापद साऱ्या जुन्या करारात तीनच ठिकाणी येते. एक हे, दासीच्या मुलाविषयी. दुसरे २ शमुवेल १६:१४ मध्ये. अबशालोमाच्या भयाने पळणारा, दगड व शिव्या खात चाललेला दावीद राजा थकून मुक्कामास पोहोचला, तेथे त्याने दम घेतला. आणि तिसरे निर्गम ३१:१७ मध्ये, प्रत्यक्ष देवाविषयी! सृष्टी उत्पन्न केल्यावर देवाने विसावा घेतला, तेथे हाच शब्द आहे. मोलकरणीचे पोर, गादीवरून उठविलेला राजा आणि सर्वसमर्थ देव या तिघांस एकच क्रियापद लाविले आहे, मग आपणांस बसण्याची लाज कां वाटावी?

तरी लाज वाटते, आणि बायांस अधिक वाटते. एका वस्तीवर आम्ही संध्याकाळी भेटीस गेलो असता घरची वृद्ध बाई चुलीपाशी, मग गोठ्यात, मग पुन्हा चुलीपाशी, अशी सारखी फिरत होती. आम्ही म्हटले, "मावशी, तुम्ही बसता तरी केव्हा?" ती हसून म्हणाली, "पाळकसाहेब, बसायला कुठं येळ? रातच्याला निजले की झालं बसणं." हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही, हेच आम्हांस अधिक लागले. रविवार आला म्हणजे घरातील पुरुष इस्त्रीचे कपडे घालून उपासनेस येतात आणि दुपारी निवांत आडवे होतात. बायांस मात्र रविवारी पाहुणे, मटण, पोरांची न्हाणी, आठवड्याचे धुणे. सहा दिवसांपेक्षा सातवाच दिवस तिला जड. अनुवाद ५:१४ मध्ये पुत्र, कन्या, दास, दासी, बैल, गाढव, परका अशी सर्वांची नावे आली, परंतु पत्नीचे वेगळे नाव आले नाही. याचा अर्थ ती सुटली असा घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात आणावे की आज्ञा "तू" या शब्दाने सुरू होते, आणि त्या "तू" मध्ये घरधनी व घरधनीण दोघेही आहेत. रविवारची भाकरी शनिवारी रात्री करून ठेविता येते. पुरुषाने रविवारी पाणी भरिले तर त्याच्या मिशीचा केस वाकडा होत नाही. आणि मार्थेवर कठोर उपदेश करणाऱ्यांस आम्ही एकच विचारितो : त्या दिवशी तिच्यासोबत दोन भावंडे उठून हातभार लावती, तर तीही मरीयेशेजारी बसली नसती काय?

मंडळीच्या पुढाऱ्यांसही येथे एक शब्द. सकाळी शाब्बाथशाळा, मग उपासना, मग पंचांची सभा, दुपारी महिला मंडळ, संध्याकाळी तरुण संघ. एखाद्या रविवारी तरी सभा नसावी. देवाच्या नावाने केलेली दगदग ही दगदगच असते.

याच आज्ञेचे दुसरे अंग अधिक गंभीर आहे. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बीड व अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीस "एक कोयता" म्हणतात; दोन जीव, पण हिशेब एका हत्याराच्या नावाने. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी बांधते, दिवसभर ऊस तोडून मोळ्या वाहते आणि रात्री-बेरात्री ट्रक आला तर भरावयास जाते. एक दिवस अंगावर काढून घरी राहिली तर "खाडा" लागतो, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. अशा बाईस आम्ही "ताई, मन शांत ठेवा, विसावा घ्या" असा उपदेश करावा काय? तो उपदेश नव्हे, ती थट्टा होय. म्हणूनच शास्त्र विसाव्याची आज्ञा दासास देत नाही. ती धन्यास देते. तू मिसर देशात दास होतास हे आठव, आणि तुझ्या दासास तुझ्यासारखीच विश्रांती मिळू दे, असा त्या आज्ञेचा रोख आहे. आपल्या मंडळीत कोणी मुकादम असतील, कोणी बागाईतदार असतील, कोणाच्या घरी धुण्याभांड्यास बाई येत असेल. त्यांनी आपल्या मनःशांतीकरिता प्रार्थना अवश्य करावी. परंतु आपल्या हाताखालच्या माणसास सुटीचा दिवस व त्या दिवसाची मजुरी मिळते की नाही, हे आधी पाहावे.

आता प्रभूचे प्रसिद्ध वचन, मत्तय ११:२८–३०. कष्टी व भाराक्रांत जनांस तो आपल्याजवळ बोलावितो आणि विसावा देऊ करितो. परंतु लगेच जू घ्यावयास सांगतो! थकलेल्यास जू कशाला? ज्याने बैल पाळिले आहेत त्यास हे कोडे पडणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. वर्षभर जुवाने घासलेले बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकून त्यांस तूप किंवा लोणी व हळद चोळतात, आणि पोळ्यास त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. पूजेचा भाग आपण करीत नाही. परंतु मुक्या प्राण्याचा खांदा कोठे सोलला आहे हे हाताने चाचपून पाहणे, यात आम्हांस धर्माची मोठी खूण दिसते. खांदा कशाने सोलतो? ओझ्याने तितका नाही. वेड्यावाकड्या, न बसणाऱ्या जुवाने सोलतो. प्रभूने आपले जू सोयीचे आहे असे म्हटले, तेथील ग्रीक शब्दात सौम्य, चांगले, हितकर असे अर्थ आहेत. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने लिहून ठेविले आहे की, सुताराच्या धंद्यात येशू नांगर व जोखडे करीत असे. हे बोल जुवाविषयी जाणणाऱ्याचे आहेत. तो काम काढून घेत नाही. मानेवर दुसऱ्यांनी ठेविलेले जे जू आहे, म्हणजे लोक काय म्हणतील याचे, शेजाऱ्याइतके लग्न थाटाचे झालेच पाहिजे याचे, मुलाने पहिला नंबर काढलाच पाहिजे याचे, ते तो उतरवितो. आपल्या कर्जांपैकी किती रुपये बियाण्याचे व किती मांडवाचे, हे ज्याने त्याने एकांतात मोजावे. मांडवाचे जू देवाने ठेविले नव्हते.

विसाव्याचे काही साधे उपाय सांगतो. ते डॉक्टरही सांगतात व त्यांत आपल्या विश्वासास बाधणारे काही नाही. श्वास आखूड झाला आहे असे जाणवेल तेव्हा पाठ टेकून बसावे, नाकाने सावकाश श्वास घ्यावा व घेतला त्याहून लांब वेळ लावून सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. ही शरीराचीच रचना आहे. पाच मिनिटे असे करावे आणि प्रत्येक श्वासाबरोबर प्रभूचे नाव मनात घ्यावे. दुसरा उपाय एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १९२९ साली पुस्तक लिहून प्रसिद्ध केला : अंथरुणावर पडून आधी मुठी घट्ट आवळाव्या आणि मग एकदम सैल सोडाव्या, मग दंड, मग खांदे, मग कपाळ, मग पोटऱ्या. आवळल्यावाचून सैल म्हणजे काय हे थकलेल्या अंगास कळतच नाही. प्रौढ माणसास रात्री निदान सात तास झोप पाहिजे. संध्याकाळनंतर चहा कमी करावा. दारात बसून घरच्यांनी मिळून एखादे भजन म्हणावे. गाताना श्वास आपोआप लांबतो, आणि रागावलेली दोन माणसे एका तालात फार वेळ रागावलेली राहत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. प्रभू स्वतः वादळात होडीच्या मागच्या भागी उशीवर निजला होता, हे मार्काने मुद्दाम लिहिले आहे. ज्या कामात आपला हात चालत नाही ते रात्रीपुरते देवाच्या हाती देऊन निजणे, हीही एक प्रार्थनाच आहे.

कोणी म्हणेल, आम्हांस सात तास व एकांत कोठून मिळावा? मार्क ६:३१ पाहावे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत शिष्यांस जेवावयासही सवड मिळेना, तेव्हा प्रभूने त्यांस एकांतात चलण्यास सांगितले. पण लोक किनाऱ्याने धावत पुढे जाऊन तेथे आधीच हजर! त्या दिवशीची विश्रांती होडीच्या प्रवासाइतकीच झाली. तेवढीही त्याने दिली, आणि पुढे आलेल्या लोकांवर तो संतापला नाही.

आता एक गोष्ट राहिली. ती एलीयाच्या चाकराची. बैर-शेबा येथे त्याने चाकरास मागे ठेविले व मग तो मरण मागावयास एकटा रानात गेला. घोर वाढला म्हणजे माणूस हेच करितो. सोबतीस मागे टाकितो, उपासनेस येणे सोडितो, फोन घेत नाही, "काही नाही, बरा आहे" म्हणतो. आपल्या महाराष्ट्रात कर्जाने व नापिकीने गांजून आपला जीव घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या कित्येक वर्षांपासून ऐकू येत आहेत, आणि त्या घरांतील पुष्कळ जण म्हणतात, तो आम्हांस काही बोललाच नाही. म्हणून स्पष्ट लिहितो. मरण बरे असे कोणाच्या मनात येत असेल, तर एलीयाच्याही मनात ते आले होते; त्याबद्दल देवाने त्यास टाकिले नाही. हे कोणाजवळ तरी आजच बोलावे : पत्नीजवळ, भावाजवळ, पाळकाजवळ. आणि जो असे ऐकेल त्याने उपदेश करू नये, वचने म्हणून दाखवू नयेत. त्याच्यापाशी बसावे, त्यास जेवू घालावे, रात्री एकटे सोडू नये, फवारणीचे औषध कुलपात ठेवून किल्ली आपल्याकडे घ्यावी आणि सकाळी त्यास सरकारी दवाखान्यात न्यावे. मनाच्या दुखण्यास डॉक्टर आहेत व औषधे आहेत; मलेरियाची गोळी घेताना आपण विश्वास गमावीत नाही, तसेच हे. सरकारने २०२२ साली टेली-मानस नावाची सोय सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक मंडळीच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

होरेबावर एलीयाने देवास दोनदा सांगितले की, मी एकटाच उरलो आहे. देवाने त्याच्याशी वाद घातला नाही. बाल देवापुढे गुडघा न टेकलेले सात हजार इस्राएलात आहेत असे सांगितले, आणि त्यांतील एकाचे नाव व गाव सांगून त्यास परत पाठविले. एलीया पर्वत उतरून आबेल-महोलाच्या शिवारात आला तेव्हा अलीशा नांगरीत होता. बैलांच्या बारा जोड्या चालल्या होत्या, आणि बारावी जोडी त्याच्या स्वतःच्या हाती होती. एलीयाने जवळ जाऊन आपला झगा त्याच्या खांद्यांवर टाकिला.